मागच्या अंगणावर काय घालावं

६ ऑक्टोबर, रविवार

मागच्या अंगणावर छप्पर घालायचं ठरलं. ठरवलं प्रेमलाने. 'कशाचं' एवढाच प्रश्न माझ्याकडे सोपवला आहे. तिचं म्हणणं असं, की बावीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवून स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या नवऱ्याला दिवसभर काहीतरी ठरवायला हवं, नाहीतर तो स्वयंपाकघरात येऊन ठरवू लागतो. ही वहीसुद्धा तिनेच दिली. पतसंस्थेत तिला दरवर्षी तीन मिळतात.

अंगण म्हणजे वारज्यातल्या आमच्या रो-हाउसच्या मागची चौदा बाय अकरा फूट फरशी, एक कढीपत्ता आणि एक पाटा. तो कोणी वापरत नाही आणि कोणी टाकूही देत नाही. सकाळी तिथे बसून मी शालेय गाइडांची मुद्रितं तपासतो. ऑक्टोबरात दहाला कागद तापतो, अकराला मी.

डावीकडे कमरेएवढी भिंत. तिच्या पलीकडे तसंच अंगण, एजाज शेख आणि शकीलाभाभींचं. अठरा वर्षांचा शेजार. भाभी साड्यांना फॉल-पिको करतात. मशीन मागच्या दाराच्या आत असतं, पण साडीला जुळणारा फॉल आणि धागा निवडायचं काम त्या बाहेर, भिंतीजवळ पाट टाकून, डोक्यावर ओढणी घेऊन करतात. दहा ते बारा. "ट्यूबलाइट खोटं बोलते, गुरुजी," असं त्या मला बऱ्याच वर्षांपूर्वी म्हणाल्या होत्या. त्यांचा रंग चुकल्याचं मी कधी ऐकलेलं नाही. कसबा पेठेतले साडीवाले सुखदेवशेठ गावभर फॉलवाल्या सोडून अकरा वर्षं गठ्ठे वारज्याला पाठवतात, ते उगीच नाही.

९ ऑक्टोबर, बुधवार

फॅब्रिकेशनवाला रतन येऊन मापं घेऊन गेला. मूळचा वाशिमकडचा, तरुण, बोलायला मोकळा. मी त्याला सगळ्या पर्यायांची चर्चा करू म्हणालो.

"काहून चर्चा करता जी? पत्रा टाका, मोकळे व्हा."

"कुठला पत्रा?"

"थे तुम्ही सांगा."

म्हणजे चर्चा मलाच करायची आहे. लोखंडी पत्रा स्वस्त आणि टिकाऊ, पण दुपारी खाली भाकरी भाजता येईल, आणि वर कावळा चालला तरी घरात कळेल. सिमेंटचा पत्रा थंड, पण दिसायला गोठा. मंगलोरी कौल देखणं. मात्र एक बदलायला माणूस वर चढला की दोन फोडून उतरतो. शेडनेट लावलं तर ऊन अडेल, पाऊस अडणार नाही, आणि आपण रोपवाटिकेत वाढतो आहोत असं वाटत राहील. पॉलिकार्बोनेट महाग. फायबरचा पत्रा हलका, उजेड येऊ देणारा, किंमत मध्यम. मध्यम म्हटलं की मला संशय येतो.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

प्रत्येक वस्तूचा पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष मांडून तक्ता केला. अकरा पानं झाली. प्रेमलाने ऑफिसला निघताना चाळला.

"अहो, छप्पर घालताय की प्रबंध?"

"निर्णय सकारण असावा."

"असावा. या दिवाळीच्या आत असावा."

रतनकडून नमुन्याचे तुकडे आणले आहेत. खाली थर्मामीटर ठेवून दर अर्ध्या तासाने नोंद घेतो. लोखंडाखाली एक्केचाळीस, फायबरखाली सदतीस. भाभी भिंतीपलीकडून बघत होत्या. "ताप कोणाला आलाय?" म्हणाल्या.

२३ ऑक्टोबर, बुधवार

सिद्धान्त ठरला. फायबर, हिरवा. पारदर्शक, निळा, पांढरा आणि हिरवा असे चार रंग मिळतात. पारदर्शकाखाली ऊन जसंच्या तसं. निळ्याखाली माणूस आजारी वाटतो. पांढरा लवकर मळतो. हिरव्याच्या बाजूने मोठा युक्तिवाद असा, की तो डोळ्यांना थंडावा देतो, आणि या घरात डोळ्यांनी कमावणारा मीच आहे.

"हिरवा खूप चालते, सर," रतन म्हणाला. जाणत्याचं आप्तवाक्यही मिळालं.

मग एक गोष्ट सुचली आणि तिचं मला अजून समाधान वाटतं आहे. खांब नाहीतरी भिंतीवरच घ्यायचे आहेत. तर पत्रा भिंतीवरून पुढे चार फूट न्यावा, म्हणजे भाभींच्या पाटावरही सावली येईल. खर्च माझा. संध्याकाळी जाऊन सांगितलं. एजाजभाई कंपनीतून नुकतेच आले होते, ते खूश झाले. "सर, शेजार असावा तर असा. हिला म्हटलं किती वेळा, उन्हात बसू नको."

भाभी जरा थांबल्या. "पण उजेड, गुरुजी?"

"उजेड येणारच. पत्रा पारभासक आहे."

"म्हणजे?"

पारदर्शक, पारभासक आणि अपारदर्शक यांतला भेद मी उदाहरणांसह समजावला. त्यांनी ऐकून घेतलं. "तुम्ही एवढं म्हणताय तर बरोबरच असेल," म्हणाल्या.

७ नोव्हेंबर, गुरुवार

दिवाळी उघड्यावरच झाली. आज छप्पर चढलं. रतन आणि त्याचा जोडीदार सकाळी आले, तीनपर्यंत खांब, आडवे पाइप, पत्रे, स्क्रू सगळं. पावसाचं पाणी कढीपत्त्याकडे जाईल असा उतार दिला आहे.

खाली बसल्यावर तळ्याच्या बुडाशी बसल्यासारखं वाटतं. मला आवडलं. प्रेमला चहा घेऊन आली, सगळ्यांच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "सगळे कावीळ झाल्यासारखे दिसताय."

"काविळीत माणूस पिवळा दिसतो."

"मग ही पुढची पायरी असेल."

पलीकडे भाभींनी पाट टाकला. ओढणी डोक्यावरून खांद्यावर आली. अठरा वर्षांत पहिल्यांदा. आपण एक चांगलं काम केलं हे माणसाला कळतं.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

तुळशीची लग्नं झाली, माणसांची सुरू झाली. भाभींकडे साड्यांचा ढीग आहे.

माझं लाल पेन बिघडलं आहे. खुणा काळपट उमटतात. दुकानात जाऊन दुसरं आणलं, तेही तसंच. दुकानदाराने कागदावर ओढून दाखवलं तर लालभडक. घरी आणलं की पुन्हा काळपट. शाई हवेने बदलत असावी. हल्ली कशातच राम राहिलेला नाही.

२७ नोव्हेंबर, बुधवार

भाभींची एक साडी परत आली. पलीकडच्या गल्लीतल्या कौशल्याबाईंची, राणी रंगाची. फॉल विटकरी निघाला. त्यांनी तक्रार केली नाही, फक्त सहज सांगितलं. पण भाभींनी साडी मागून आणली, भिंतीपाशी धरली आणि बराच वेळ बघत बसल्या.

"गुरुजी, बघा बरं. हा विटकरी आहे का?"

मी बघितलं. मला तर साडी आणि फॉल एकच दिसत होते. तसं म्हणालो.

"मलाही," त्या म्हणाल्या. "मग त्यांना का वेगळा दिसतो?"

मी म्हटलं, कौशल्याबाईंचं वय बहात्तर आहे. भाभींना बरं वाटलं. साडी तशीच परत दिली.

१४ डिसेंबर, शनिवार

सुखदेवशेठनी तीन साड्या परत पाठवल्या. सोबत चिठ्ठी: 'बाई, लक्ष द्या.' अकरा वर्षांत पहिली चिठ्ठी. कॉलनीतूनही दोघीतिघींचं तेच. भाभी म्हणतात, "माझ्या दारात जुळतं, गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन बिघडतं. रंग काय रिक्षात बदलतो?" हसल्या, पण हसणं पुरलं नाही.

प्रेमलाने बाजारातून हलव्यासाठी गाजरं आणली होती. अंगणात किसायला बसलो तर काळपट, जुनाट. मी तावातावाने परत घेऊन गेलो. भाजीवाल्याने पिशवी उघडली आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. ती त्याच्या गाडीवरच्या ढिगाइतकीच लाल होती. बदलून दिली नाहीत. अशा लोकांना लाजही नसते.

४ जानेवारी, शनिवार

आता साड्या सात झाल्या कॉलनीतल्या, शेठच्या वेगळ्या. भाभी आज कामाला बसल्या नाहीत. भिंतीशी उभ्या राहून प्रेमलाशी बोलत होत्या. मी मुद्रितात डोकं घातलं होतं, पण कान बंद करता येत नाहीत.

"माझ्या अम्मीचं असंच सुरू झालं होतं, प्रेमलाताई. आधी रंग गेले. पन्नाशीत. मग माणसं. मी आता बावन्न."

"अगं, असं काही नसतं."

"ती शेवटी आमच्या आवाजावरून ओळखायची."

प्रेमलाने भिंतीवरून हात पुढे केला. मी उठून गेलो, कारण अशा वेळी योग्य सल्ला कोणीतरी द्यायला हवा. मी म्हटलं, भाभी, शास्त्रात याचं ठरलेलं उदाहरण आहे. काविळीच्या माणसाला पांढरा शंख पिवळा दिसतो. दोष शंखात नसतो, दोष डोळ्यात असतो. आणि डोळ्यातला दोष हल्ली दुरुस्त होतो. डॉक्टरांना दाखवा, भिऊ नका.

"म्हणजे तुम्हालाही वाटतं, माझे डोळे गेले," त्या म्हणाल्या.

"गेले असं नाही. सदोष झाले."

प्रेमलाने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं तीत दोष नव्हता. अगदी स्पष्ट होती.

१५ जानेवारी, बुधवार

काल संक्रांत. गेल्या आठवड्यात भाभींनी काळ्या साड्या बावीस केल्या, एकही परत आली नाही. मी म्हटलं, बघा, सुधारणा आहे. त्या म्हणाल्या, "काळ्याला काळा आंधळाही लावेल."

एजाजभाई त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले होते. मोतीबिंदूची अगदी सुरुवात आहे, या वयात अनेकांची असते. घाई नाही, पण रंगच नीट कळत नसतील आणि काम त्यावर असेल तर ऑपरेशन करून टाकू, असं डॉक्टर म्हणाले. उजव्या डोळ्याची तारीख घेतली: पाच फेब्रुवारी. माझा सल्ला वेळेवर उपयोगी पडला.

एजाजभाई भिंतीशी आले होते. नेहमी मोठ्याने बोलणारा माणूस, आज हळू बोलत होता. "सर, ती रोज सकाळी उठली की हात डोळ्यांसमोर धरते. मी झोपलोय असं समजून."

मी आत जाऊन तिळगुळाचा डबा आणला आणि त्यांच्यापुढे धरला.

२२ जानेवारी, बुधवार

सुखदेवशेठचा निरोप आला, की हातातला गठ्ठा द्या, पुढचं काम दुसरीकडे देतो. भाभींनी तो गठ्ठा तीन दिवस घेऊन बसून केला. प्रत्येक फॉल दोनदा, तीनदा लावून बघितला. मलाही दाखवत होत्या. सोळाच्या सोळा मी स्वतः तपासल्या. बिनचूक.

मी ठरवलं आहे, हा गठ्ठा मी घेऊन जाणार. साक्षीदार म्हणून. शेठना म्हणेन, मी प्रत्यक्ष पाहिलं आहे. आणि सगळ्या प्रमाणांत प्रत्यक्ष श्रेष्ठ.

२४ जानेवारी, शुक्रवार

हे लिहायला तीनदा बसलो.

सकाळी बसने गेलो, पुढे कसबा पेठेत चालत. सुखदेवशेठचं दुकान जेमतेम आमच्या अंगणाएवढं, पांढऱ्या गाद्या घातलेलं. शेठ सत्तरीचे, बोलणं तोडून टाकल्यासारखं. मी माझी ओळख आणि येण्याचं प्रयोजन सांगायला लागलो.

"बसा. साड्या दाखवा."

त्यांनी पहिलीच उचलली, डाळिंबी रंगाची, आणि पायरीवर उजेडात नेऊन उलटवली. फॉल चॉकलेटी. दुसरी मोरपंखी, फॉल भलताच निळा. तिसरी. चौथी. मी बघत होतो. मी परवा हीच साडी, हाच फॉल हातात घेऊन बघितला होता, आणि दोन्ही एक होते.

"परवा जुळत होते," मी म्हटलं. "मी स्वतः पाहिलं."

शेठनी माझ्याकडे, मग साडीकडे बघितलं. "कुठे पाहिलंत?"

"घरी. अंगणात. दिवसाउजेडी."

"वर काय आहे?"

"कशाच्या?"

"अंगणाच्या. डोक्यावर. काय आहे?"

"फायबरचा पत्रा."

"कुठला रंग?"

मी सांगितलं. शेठनी साडी खाली ठेवली आणि शांतपणे घडी घालू लागले.

"मास्तर, या पेठेत फिरून या. कापडवाल्याच्या दारावर रंगीत कनात दिसते का बघा. आमच्या वडलांनी एका पावसाळ्यात हिरवी ताडपत्री बांधली होती, स्वस्त मिळाली म्हणून. महिनाभर बायका माल घेऊन गेल्या आणि महिनाभर परत घेऊन आल्या. दुकानात एक रंग, घरी एक. आजोबांनी स्वतः कात्रीने दोऱ्या कापल्या." घडी पुरी झाली. "बाई केव्हापासून त्याखाली बसते?"

"सात नोव्हेंबर."

"आणि पहिली साडी मी परत कधी पाठवली?"

मी बोटांवर दिवस मोजले. त्यांना उत्तर नको होतं.

शंख पांढरा होता. डोळाही नीट होता. मधला उजेड मी रंगवून ठेवला होता, आणि वर चार फूट जास्त, स्वखर्चाने.

२५ जानेवारी, शनिवार

सांगितलेलं नाही. भाभींनी भिंतीवरून विचारलं, "काय म्हणाले शेठ?" मी म्हटलं, बघून कळवतो म्हणाले. हे सरळ खोटं आहे. वहीत तरी तसंच लिहावं.

सकाळपासून जे जे सुचलं ते असं. रतनला बोलावून गुपचूप पत्रा बदलावा आणि 'आवाज फार येतो' असं कारण सांगावं. मग रंग आपोआप जुळू लागतील, आणि कारण कुणाला कळणार नाही. पण तोवर पाच तारीख. डोळ्याचं ऑपरेशन होईल, रंग जुळतील, आणि श्रेय डॉक्टरांना जाईल. मलाही जाईल, सल्ला माझाच होता. हे सगळं फार व्यवस्थित बसत होतं. इतकं व्यवस्थित की माझी मलाच शिसारी आली.

दुपारी प्रेमलाला सांगितलं. ती धान्य निवडत होती. ताट बाजूला ठेवलं.

"कधी सांगणार तिला?"

"योग्य शब्द शोधतोय."

"तुम्ही शब्द शोधाल, तोवर ती डोळा कापून घेऊन येईल."

२६ जानेवारी, रविवार

दहा वाजता भिंतीशी गेलो. प्रेमला मागे उभी राहिली, मी पळू नये म्हणून असेल.

मशीनवर आवरण घातलेलं होतं. भाभी पाटावर बसून फॉलची पेटी उपसत होत्या. रंगांची बंडलं सुतळीने बांधत होत्या, लाल एकीकडे, निळी एकीकडे.

"काय चाललंय?"

"तरन्नुमला देऊन टाकते. माझी भाची. तिला शिकायचंय, तिचे डोळे चांगले आहेत."

शेठकडून परत आणलेली एकच साडी, ती डाळिंबी, मी भिंतीवर ठेवली. "हा फॉल जुळतो का?"

"गुरुजी, आता परीक्षा घेणार का माझी?"

"जुळतो का?"

त्यांनी बघितलं, बोटांनी चोळून बघितलं. "जुळतो. पण माझ्या बघण्याला आता काय अर्थ आहे?"

"साडी घेऊन पुढच्या रस्त्यावर चला."

"कशाला?"

"चला ना," प्रेमला म्हणाली.

घरातून पुढे गेलो. रस्त्यावर लख्ख ऊन. भाभींनी साडीचा काठ उलटवला आणि थांबल्या. साडी घेऊन घरातून पुन्हा मागे गेल्या. पुन्हा पुढे आल्या. पुन्हा मागे. चौथ्या खेपेला पेटीच उचलून आणली, फाटकाशी रस्त्यावर मांडी घालून बसल्या, आणि बंडलं सोडू लागल्या. एकेक पट्टी उन्हात धरायच्या, नाव घ्यायच्या. "हा डाळिंबी. हा राणी. हा वाइन. हा राणी नाही, हा मजंठा." एक गाडी थांबली, हॉर्न वाजवला. बाहेर आलेल्या एजाजभाईंनी हातानेच त्याला बाजूने जा म्हणून सांगितलं. त्यांचे डोळे भरले होते.

मी जवळ जाऊन सांगितलं, की हे त्या हिरव्या पत्र्याने झालं, म्हणजे माझ्यामुळे. शब्द शोधलेले नव्हते, त्यामुळे एवढंच बोलून झालं.

भाभी उठल्या. मला वाटलं होतं, त्या म्हणतील जाऊ द्या. अठरा वर्षं त्या हेच म्हणत आल्या आहेत.

"दोन महिने, गुरुजी. दोन महिने मी एजाजचा चेहरा पाठ करत होते."

त्यांनी पेटीचं झाकण लावलं.

"मी विचारलं होतं तुम्हाला. उजेड, म्हटलं होतं. तुम्ही मला शब्द सांगितलात. पार... काय तो?"

"पारभासक."

"तोच." पेटी उचलली. "तो शब्द घ्या आणि वरून काढा ते."

"रतनला उद्या..."

"उद्या नाही."

रतन अर्ध्या तासात आला, सुट्टीचा दिवस असून. माझ्या तोंडाकडे बघून त्याने चर्चा केली नाही. शिडी मी धरली. दुपारी एकपर्यंत चौदापैकी चौदा पत्रे उतरले, आणि अंगण पूर्वीइतकंच तापलं.

२८ जानेवारी, मंगळवार

पाच तारीख रद्द. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदूचं पुढे बघू, वर्षा-दोन वर्षांनी. सुखदेवशेठनी उरलेल्या पंधराही साड्या पुन्हा करायला पाठवल्या. चिठ्ठीत: 'आकाशाखाली बसा.'

भाभी माझ्याशी बोलत नाहीत. प्रेमलाशी बोलतात, भिंतीवरून, मी तिथे बसलेला असताना, मी कढीपत्ता असल्यासारखं.

२ फेब्रुवारी, रविवार

खांब नुसते उभे आहेत. वर काहीतरी घालावं लागणार. रतन नमुने घेऊन आला. माझा तक्ता मी बाहेर काढला नाही. भाभी भिंतीशी आल्या, हातात दोन रिळं, एक राणी, एक मजंठा. प्रत्येक तुकड्याखाली ती दोन रिळं धरली.

निळा: "नाही." पारदर्शक: "चालेल." दुधी पांढरा: "चालेल. पाच वर्षांनी?"

"पिवळा पडते जी," रतन म्हणाला.

"मग नाही." आतून पांढरा रंग दिलेला जाड पत्रा, मध्ये फोम भरलेला, उजेड अजिबात न येणारा: त्याखाली रिळं धरली, वळून उघड्या आकाशाच्या बाजूला केली. "हा घ्या. हा काही सांगत नाही."

मी म्हटलं, छान. मग तुमच्या बाजूलाही तोच नेऊ, चार फूट. किंवा सहा.

"माझ्या बाजूला काही नको." हे रतनकडे बघून.

"पण भाभी, ऊन. आणि हा पत्रा तर अपारदर्शक आहे. कडेने शुद्ध उजेड येईल, वरून सावली. खर्चाचं..."

"भिंतीपर्यंत," त्या रतनला म्हणाल्या. "भिंतीच्या अलीकडे एक बोट."

रतनने खडूने खूण केली. मला कारण कळलं नाही. सावलीने कोणाचं काय बिघडतं? प्रेमलाला विचारलं तर म्हणाली, "अहो, राहू द्या." बहुधा राग अजून गेला नसावा.

रतन गेल्यावर भाभी माझ्याकडे वळल्या. बोलल्या. आठवड्यात पहिल्यांदा.

"कॉलनीतल्या सात साड्या आहेत. मी घरोघरी जाऊन उसवून आणणार आहे. तुम्ही बरोबर यायचं."

"मी? मला फॉल..."

"तुम्ही सांगायचं. मी सांगितलं तर म्हणतील, बाई वय लपवते, बहाणे करते. तुमचं मराठी चांगलं आहे."

८ फेब्रुवारी, शनिवार

नवा पत्रा गुरुवारी चढला. भिंतीच्या अलीकडे एक बोट थांबला आहे. मी सावलीत बसतो, भाभी उन्हात, डोक्यावर ओढणी. लाल पेन लाल उमटतं.

आज सात घरं केली. मी थोडी तयारी केली होती. पहिल्या घरी प्रस्तावना, मग प्रकाशाचे गुणधर्म, मग क्षमायाचना असा क्रम होता. बाईंनी चहा केला, आम्ही तो प्यायलो, कप परत गेले, आणि मी तेव्हा कुठे पत्र्यावर पोहोचलो होतो. बाहेर आल्यावर भाभी म्हणाल्या, "गुरुजी, एकच वाक्य."

दुसऱ्या घरी तीन वाक्यं झाली. तिसऱ्या घरापासून एकच: "चूक माझ्या पत्र्याची होती, यांच्या डोळ्यांची नव्हती." इतकं लहान वाक्य मी उभ्या जन्मात सात वेळा म्हटलेलं नाही.

एकीकडे हसले. एकीकडे म्हणाले, आम्हाला वाटलंच, शकीलाबाईंचा रंग चुकणं शक्य नाही. त्यांनीच डिसेंबरात दुसरी फॉलवाली शोधली होती. भाभींनी ऐकून घेतलं आणि साडी पिशवीत घातली.

सातवं घर कौशल्याबाईंचं. राणी रंगाची साडी. त्यांनी मधल्या काळात ती नातवाच्या मुंजीत नेसलीही होती. मी वाक्य म्हटलं. त्यांनी हात हलवला.

"अहो, एवढ्यासाठी दोघं चालत आलात? मी तर विसरूनही गेले. फॉल आतल्या बाजूला असतो, कोणाला दिसतोय?"

"मला दिसतो," भाभी म्हणाल्या.

आणि तिथेच, बाल्कनीतल्या उन्हाच्या पट्ट्यात खाली बसून, त्यांनी पर्समधून लहान कात्री काढली आणि विटकरी फॉलचा पहिला टाका तोडला. साडीचं दुसरं टोक फरशीवर लोळू नये म्हणून कोणीतरी धरायला हवं होतं. मी धरलं. फॉल पुरा निघेपर्यंत पाऊण तास लागला.